सात महिने अकरा दिवस

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार घेशील तर घे.

या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: स्वयंपाकघरातलं भिंतभर कपाट, एकही खिळा न मारता, लाकडात लाकूड बसवून. न्हाणीघरातला पितळी दांडा, बाबांच्या उजव्या हाताच्या उंचीला. सोळा पायऱ्यांचा कठडा. बाबांची खुर्ची. समोरच्या खोलीतल्या घड्याळाची पेटी. दुकानातलं काच कापायचं टेबल. आणि बाबांच्या डाव्या बुटात बसणारा लाकडी तुकडा, जिथे त्यांची दोन बोटं नाहीत ती जागा भरायला. पाय वयाबरोबर बदलतो, म्हणून तो आजवर नऊ वेळा नव्याने केला. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडू दिला नाही. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.

यादी मिरवायला दिलेली नाही. बरं, थोडी मिरवायलाही. पण मुद्दा असा की तो पाय मी नऊ वेळा मांडीवर घेऊन मोजला आणि बोटं कशी गेली हे एकदाही विचारलं नाही. मला माहीत होतं ना. सेवापुस्तकात लिहिलं होतं: भांडारात पेटी पडून, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

काल कळलं की तसं नाही. कालपासून मी धड जेवलेलो नाही, म्हणून हे पत्र.

निवृत्त सैनिक माझ्या दुकानात पदकं मखमलीवर बसवून चौकटीत लावून घ्यायला येतात. काल एक उंच म्हातारे आले. एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं जग बहिरं असल्यासारखे बोलतात. सैन्यात रेडिओ सांभाळायचे, म्हणून मी त्यांना रेडिओवाले म्हणतो. बिस्किटांच्या डब्यात चार पदकं आणि सेवापुस्तक. पदकांखाली पुस्तकाचं एक पान उघडं दिसलं पाहिजे, अशी त्यांची अट. कुठलं, विचारलं. त्यांनी उघडून माझ्यापुढे सरकवलं.

त्या पानावर बाबांचं अक्षर होतं.

ताई, तारखेखाली दोन रेघा, वरची लांब, खालची आखूड. किराणाच्या यादीलाही बाबा तशाच ओढतात. आधी पेन्सिलीने लिहिलेलं, त्यावर पुढे कोणीतरी शाई फिरवलेली, पण कडेने पेन्सिल दिसत होती. ठाण्याचं नाव, उंची, १९ ऑक्टोबर ते ३० मे. बाबा सांगायचे तेच बर्फातलं ठाणं. बाबा सांगायचे तोच हिवाळा.

हे कोणी लिहिलं, मी विचारलं.

"आमच्या मास्तरने," ते म्हणाले. "एकतीस जणांची पुस्तकं तोच लिहायचा. वर शाई गोठायची, म्हणून पेन्सिल. शेवटचा पाहिला तो स्ट्रेचरवर. डाव्या पायाची दोन बोटं कोळशासारखी काळी. आणि तोंडाने एकच, पुस्तकं ओली करू नका रे."

मी काच कापत होतो. चार मिलिमीटर कमी कापली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मास्तर भिंतीपलीकडे पेपर वाचत बसलाय, हे माझ्या तोंडून निघेना.

बावीस वर्षांपूर्वीचं तुला आठवण करून द्यायला नको, तरी लिहितो, कारण ते मीच लिहायला हवं. तुझ्या मोठीचा सहावा वाढदिवस. बाबा मुलांना शाई गोठायची गोष्ट सांगत होते. मी खिशातून सेवापुस्तकाची झेरॉक्स काढून सगळ्यांसमोर वाचली. मुख्य तळ, भांडार विभाग, सलग सात वर्षं. तैनाती निरंक. पदकं निरंक. बाबांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि चपला घातल्या. तू म्हणालीस, माझ्याकडे त्यांची तिथली पत्रं आहेत. मी म्हणालो, पत्र काय, कुठूनही लिहिता येतं. तू म्हणालीस, "जा मग, त्या कागदालाच बाबा म्हण." त्यानंतर आपण बोललो नाही. बाबाही त्या ठाण्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

पुस्तकाप्रमाणे मी बरोबर होतो. पुस्तक चूक होतं.

मला ती पत्रं हवीत. मुख्य म्हणजे पाकिटं, त्यांवर लष्करी टपालाचे शिक्के असतील. बाबा ब्याऐंशीचे आहेत. त्यांचे सात महिने अकरा दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तकात चढवायचे आहेत. फोन करत नाही, तू ठेवशील.

धाकटा


१९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटं मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली: "नऊ आहेत. मोजून परत हवीत." पाच शब्द का होईना, बावीस वर्षांनी आले. मोजली. नऊ आहेत. प्रत्येक प्लॅस्टिकच्या वेगळ्या पिशवीत ठेवलंय, चिकटपट्टी कशालाही लावलेली नाही.

सात शिक्के स्पष्ट आहेत, दोन पुसट. भिंगाखाली दोन्ही वाचता आले. पहिला २ नोव्हेंबरचा, शेवटचा ११ मेचा. एका पत्रात सात वर्षांच्या तुला लिहिलंय की इथे शाईचा बर्फाचा गोळा होतो, म्हणून पेन्सिलीचं अक्षर गोड मानून घे. दुसऱ्यात लिहिलंय, धाकट्याच्या पावलाचं माप मिळालं, खाली उतरलो की बूट आणतो. तेव्हा मी दोन वर्षांचा. माझ्या पायाचं माप कोणी काढून पाठवलं होतं? आई की तू? ते बूट आले का? मला काहीच आठवत नाही. ते पत्र हातात घेऊन मी बराच वेळ दुकानाचं शटर अर्ध्यावर ठेवून बसलो. गिऱ्हाइकं वाकून बघत होती, आत आहे की गेला म्हणून.

रविवारी रेडिओवाल्यांना घरी बोलावलं. बाबांना आधी काही सांगितलं नाही, ही माझी चूक, पण कसं सांगायचं ते सुचलं नाही. ते दारात आले. बाबांनी पेपर खाली केला. मला वाटलं आता रडारड होणार, मी पाण्याचे ग्लास भरून तयार ठेवले.

रेडिओवाले म्हणाले, "मास्तर, माझ्या रजेतले चार दिवस तू कमी लावलेस."

बाबा म्हणाले, "चार नाही, तीन. एक तू वाटेत दारू पिऊन घालवलास."

मग दोघं इतके हसले की बाबांना ठसका लागला. मी पाणी दिलं. तेवढ्यापुरता कामाला आलो.

मग सगळं त्यांच्याकडून ऐकलं, बाबांच्या समोर, आणि बाबा मध्ये मध्ये आकडे दुरुस्त करत होते. तुकडी वर निघाली त्याच दिवशी तिचा कारकून आजारी पडला. बदली म्हणून तळावरच्या भांडारातून बाबांना वर पाठवलं, ते तोंडी हुकमावर. कागद नंतर येतो म्हणाले, तो आला नाही. त्यामुळे तळावरच्या हजेरीत बाबा रोज भांडारात हजर. वर मात्र ते एकतीस जणांच्या नोंदी लिहीत होते: तैनाती, रजा, जखम, कोणाला कुठलं पदक मंजूर.

तुमची स्वतःची नोंद का केली नाहीत, मी बाबांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गिऱ्हाइकाच्या काचेवर थुंकलो.

"कारकून स्वतःच्या पुस्तकात लिहीत नाही," ते म्हणाले. "ते साहेबांनी लिहायचं असतं."

साहेब म्हणाले होते, खाली उतरलो की तुझं आधी लिहितो. साहेब उतरले नाहीत. एप्रिलमध्ये कडा कोसळला, त्यात गेले. साहेबांच्या पुस्तकात ती नोंदही बाबांनीच केली. मेअखेर बाबांना स्ट्रेचरवरून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिला, भांडार असं लिहिलेलं, म्हणजे पेटीच पडली असणार. बाबा तापात होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी वाट पाहिली, की कोणीतरी विचारील. पन्नास वर्षं वाट पाहिली. मधे मी विचारलं, पण ते झेरॉक्स वाचून.

आता अर्ज करतोय. तुझी पत्रं, रेडिओवाल्यांचं शपथपत्र, पायाचा नवा वैद्यकीय दाखला. मला तर काम दोन महिन्यांचं दिसतंय.

धाकटा


६ मार्च

ताई,

अभिलेख कार्यालयात जाऊन आलो. तीन मजले, लिफ्ट बंद, जिन्यात पाणी गळतं आणि खाली लावलेली बादली भरून वाहतेय, पण कोणी ती हलवत नाही. खिडकीवरच्या बाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होत्या. मी दाखवल्यावर माझ्यावरच रागावल्या.

अर्ज नीट लावला होता. परिशिष्टं, अनुक्रमांक, प्रत्येक पानावर सही. बाईंनी तो घेतला, आत गेल्या, आणि जुनी फाईल घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, यावर आधी अर्ज झालेला आहे, बावीस वर्षांपूर्वी, मुलीने केलेला. म्हणजे तू. मला हे माहीत नव्हतं. तू अर्ज केला होतास हे ऐकून मी चाटच पडलो.

तो अर्ज तेव्हाच बंद झाला. घरून कोणी तरी खुलासा पाठवला होता म्हणे. असो, जुनी गोष्ट आहे, आता ती उकरण्यात अर्थ नाही. प्रकरण पुन्हा उघडायचं तर तीन सदस्यांच्या मंडळापुढे जावं लागेल. तारीख जूनमध्ये मिळेल. बाई म्हणाल्या, बंद फाईल उघडणं नव्या अर्जापेक्षा दसपट कठीण. मी म्हटलं, उघडतो. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या.

बाबांची तब्येत बरी आहे. जिना चढताना मात्र आता मधे एकदा थांबतात. आठव्या पायरीवर.

धाकटा


२१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पूर्ण दोन पानं. पाच वेळा वाचलं.

तू लिहितेस की तो खुलासा बाबांनीच पाठवला हे तुला तेव्हाच कळलं होतं. कार्यालयाने तुला कळवलं, सैनिकाच्या घरून आलेल्या खुलाशानुसार प्रकरण बंद. मग तू समजलीस की बाबांनी स्वतःच माघार घेतली, म्हणजे ठाण्याची गोष्ट खोटी होती, आणि म्हातारपणी त्यांची अब्रू जाऊ नये म्हणून तू तो विषय कायमचा सोडलास. लहानपणीची पत्रंही त्यांनी तळावरूनच लिहिली असतील, तुला खूश करायला, असं तू मनाशी धरलंस. दर रविवारच्या फोनवर हवापाणी बोलत राहिलीस. आता माझ्या पत्रावरून ते खरं निघालं, तर बाबांनी माघार का घेतली, हे मी त्यांना विचारावं, असं तुझं म्हणणं.

ताई, त्यांना विचारायची गरज नाही. त्यांनी माघार घेतली नाही. तो खुलासा मी पाठवला होता.

गेल्या पत्रात मी लिहिलं की तुझा अर्ज मला माहीत नव्हता. ते खोटं आहे. कार्यालयाचं पत्र बाबांच्या नावाने आलं होतं. त्यांचं टपाल मीच फोडायचो. अर्जदार मुलीच्या म्हणण्याला दुजोरा द्यावा, असा मजकूर होता. वाढदिवसाला महिना झाला होता, आणि तू मला खोटं पाडायला अर्ज केलास एवढंच मला दिसलं. पत्र फोडलं त्याच टेबलाशी बसून उत्तर लिहिलं. वडिलांचं वय व स्मरणशक्ती पाहता त्यांच्या सांगण्यावर विसंबू नये, सेवापुस्तकातील नोंद बरोबर आहे, असं. खाली "वडिलांच्या वतीने" आणि माझी सही. बाबा तेव्हा साठीचे होते. अख्ख्या गल्लीचे टेलिफोन नंबर त्यांना तोंडपाठ होते.

मी ते विसरलो होतो असं म्हणायला सोयीचं आहे. विसरलो नव्हतो. ते कुठे तरी घड्या घालून ठेवलं होतं, आणि ठेवल्याचा अभिमान होता, की एक चुकीचा दावा आपण वेळीच थांबवला. खिडकीवरच्या बाईंनी फाईल माझ्याकडे वळवली तेव्हा माझं अक्षर समोर आलं. सुबक, सरळ, एकही खाडाखोड नाही. बाई म्हणाल्या, "हे तुम्हीच ना?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "आणि आता हेही तुम्हीच?" मी म्हटलं, हेही मीच.

मी बाबांना खोटं ठरवलं ते तुझ्या घरात, वीस माणसांपुढे, असं मी समजत होतो. तुझ्या मनातही मीच त्यांना खोटं ठरवलं, हे तुझ्या पत्रातून आज कळलं. बावीस वर्षं एका माणसाचा विश्वास त्यांच्याजवळ आहे असं मी धरून चाललो होतो. तोही नव्हता.

या पत्राला उत्तर पाठवायला नको वाटलं तर नको पाठवूस.

धाकटा


२ एप्रिल

ताई,

बाबांना सांगितलं. तू म्हणालीस तसं, आडपडदा न ठेवता. आणि तू उत्तर पाठवलंस, त्याबद्दल काही लिहीत नाही, लिहिलं तर बिघडेल.

ते खिडकीशी नखं कापत होते. मी उभ्यानेच सांगितलं, सगळं, पत्रातला मजकूर शब्दशः. त्यांनी नखं कापणं थांबवलं नाही. उजवा हात पूर्ण झाला. मग विचारलं, "शाईने लिहिलं होतंस?"

हो म्हटलं.

"मग खोडायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं, सही करायची, तारीख घालायची."

एवढंच. मी तिथेच उभा होतो. मला वाटलं काही तरी बोलतील. कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं, हात पोचला नसता म्हणून मी खाली बसलोसुद्धा. त्यांनी नेलकटर माझ्या हातात दिलं, आणि डावा हात पुढे केला. डाव्या हाताची नखं त्यांना आता स्वतःला जमत नाहीत.

मंडळापुढे द्यायचं निवेदन त्याच संध्याकाळी लिहायला घेतलं. "माझा खुलासा चुकीचा होता" एवढं वाक्य लिहायला चार कागद गेले. पहिल्यात "गैरसमजातून" घातलं होतं. दुसऱ्यात "उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे". बाबांनी वाचले आणि प्रत्येकातला तो शब्द अंगठ्याने झाकून परत दिला. पाचवा गेला.

धाकटा


१८ जून

ताई,

तू तारीख विचारली होतीस. काल झाली.

मंडळ म्हणजे लांब टेबलामागे तीन माणसं. मधले अध्यक्ष, सभ्य, हळू बोलणारे. डावीकडचे सतत पेनचं टोपण काढत आणि घालत होते. उजवीकडच्या बाईंनी सगळी कागदपत्रं खरोखर वाचलेली होती. तुझी नऊ पाकिटं त्यांनी एकेक करून उजेडाला धरली. रेडिओवाल्यांनी साक्ष दिली, इतक्या मोठ्याने की बाहेरचा शिपाई दोनदा आत डोकावला. बाबा व्हीलचेअरवर होते, जिन्यावरून त्यांना चौघांनी उचलून आणलं. मी निवेदन वाचलं. वाचताना आवाज नीट होता.

अध्यक्ष म्हणाले, पाकिटांवरून सैनिक त्या भागात होता असं मानायला जागा आहे. पण तैनाती आणि पदक नोंदवायचं तर तेव्हाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि ते अधिकारी हयात नाहीत. शिवाय फाईलमध्ये घरचाच विरुद्ध खुलासा. तेव्हा पूर्ण चौकशी करावी लागेल, जुन्या ठाण्याच्या हजेऱ्या मागवाव्या लागतील. चौदा महिने तरी. त्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि पुढचं माझ्याकडे बघून बोलले. दुसराही एक मार्ग आहे.

तो मार्ग त्यांनी समजावून सांगितला, खरंच चांगल्या मनाने. मी बाबांकडे वळलो. बाबा म्हणाले, "पत्र तुझं होतं. उत्तर तू दे." मग त्यांनी डोळे मिटले. ते ऐकत होते हे मला ठाऊक आहे, झोपले की त्यांचा श्वास वाजतो.

डॉक्टरांनी मे महिन्यात काय सांगितलं ते तुला कळवलंच आहे. हृदयाची झडप, वय, शस्त्रक्रिया नाही. चौदा महिने हा आकडा तू आणि मी दोघंही वाचू शकतो. पैशाने काय काय झालं असतं तेही मला माहीत आहे, खालच्या मजल्यावरची खोली, दिवसाची नर्स. मी हिशेब चटकन करतो. तिथे बसल्या बसल्या केला.

तुला न विचारता उत्तर दिलं, तुझाही हक्क होता, म्हणून नेमकं काय होतं ते लिहितो. सैनिकाच्या पायाच्या दुखापतीबद्दल सहानुभूती म्हणून एकरकमी मदत, पंधरा दिवसांत खात्यात जमा. त्या बदल्यात बाबांची आणि माझी सही, की बावीस वर्षांपूर्वीचा खुलासा कायम आहे आणि सेवापुस्तक आहे तसं बरोबर आहे. मी नाही म्हणालो. रक्कम सहा लाख चाळीस हजार होती.

धाकटा